सहा जण, तीन पिढ्या, सात रात्री: भूमध्य समुद्रातल्या आलिशान क्रूझचं एक प्रकरण

आजोबा ७४ वर्षांचे, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. थोडं अंतर काठीवर चालतात, लांबच्या अंतराला व्हीलचेअर लागते. आजी ७०, मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. नवरा-बायको चाळिशीतले, मुलगी १४ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. सुट्टी सगळ्यांची मिळून एकदाच जमणारी, पैशांची तयारी चांगली आणि मागणी सरळ: एकदाच जायचं आहे, तर उत्तम जहाजाने जायचं. (कुटुंब नमुन्याचं आहे, बंदरं, नियम आणि सरकारी शुल्क खरी आहेत.)

मार्ग असा: पिरेयस म्हणजे अथेन्सच्या बंदरातून सुटायचं, दुसऱ्या दिवशी मिकोनोस, तिसऱ्या दिवशी तुर्कस्तानातलं कुशादासी, चौथ्या दिवशी सँटोरिनी, पाचवा दिवस पूर्ण समुद्रात, सहावा इटलीतलं मेसिना, सातवा नेपल्स आणि आठव्या दिवशी सकाळी रोमजवळच्या चिविताव्हेक्कियाला उतरायचं.

माहितीपत्रक चाळताना नजर बटलर, बाल्कनी आणि शँपेनवर खिळते. या गोष्टी बहुतेक आलिशान जहाजांवर ठीकठाकच असतात. त्यावरून कुणाची सहल बिघडत नाही. बिघडते ती बंदरावर: हेलकावणाऱ्या बोटीत पाय टाकताना, केबलकारच्या रांगेत, भर दुपारी सावली नसलेल्या संगमरवरी रस्त्यावर. म्हणून या प्रकरणात सगळे निर्णय दोन प्रश्नांना बांधले. सर्वांत कमी चालणारा माणूस कुठवर पोचेल? आणि सर्वांत लहान मुलाला जहाजावर दिवसभर करायला काय आहे?

जहाज कोणतं

पहिली निवड होती पाच-सहाशे प्रवाशांच्या लहान, पूर्ण आलिशान जहाजाची. सगळ्या खोल्या स्वीट, गर्दी नाही, लहान बंदरात थेट धक्क्याला लागण्याची सोय. कागदावर याला तोड नाही. पण मुलांच्या वयाचे नियम पाहिल्यावर यादी झपाट्याने आखडली. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवर आणि व्हर्जिन व्हॉयेजेसवर १८ वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. एक्सप्लोरा जर्नीजकडे मुलांसाठी नीट जागा आहे, पण तो क्लब ६ ते १७ वयोगटाचा; आपला मुलगा ५ वर्षांचा. बाकीच्या लहान आलिशान जहाजांवर मुलांचं वेळापत्रक शाळांच्या सुट्टीपुरतं, काही ठरावीक सफरींवरच असतं. म्हणजे मूल चालतं, पण मुलासाठी काही नसतं. अशा जहाजावर पाच वर्षांचा मुलगा म्हणजे आई-बापांपैकी एक जण सतत ड्युटीवर, आणि तलावाकाठी शांत वाचत बसलेल्या लोकांच्या नजरा वेगळ्याच.

दुसरा पर्याय म्हणजे मोठ्या जहाजातला स्वतंत्र आलिशान विभाग. क्रूझ कंपन्यांपैकी एमएससीचा यॉट क्लब, नॉर्वेजियनचा द हेवन, सेलिब्रिटीचा द रिट्रीट ही त्याची नावं. या विभागाला वेगळं रेस्टॉरंट, वेगळा डेक, बटलर किंवा तत्सम सेवा, बोर्डिंगला आणि उतरायला अग्रक्रम. शिवाय विभागाबाहेर पडलं की मोठ्या जहाजाचं सगळं खुलं. एमएससीवर मुलांचे क्लब ३ ते ६, ७ ते ११, १२ ते १४ आणि १५ ते १७ असे गटवार आहेत. या घरातली दोन्ही मुलं आपापल्या गटात बसतात. चौदा वर्षांच्या मुलीला समवयस्क पन्नास मुलं भेटणं ही चैनच, आणि ती लहान जहाजावर पैसे देऊनही मिळत नाही.

तोटा स्पष्ट आहे. जहाज मोठं म्हणजे एका बंदरावर तीन-चार हजार लोक एकदम उतरणार. सँटोरिनीत त्याची किंमत मोजावी लागते; तिथे काय केलं ते पुढे येईल. तरीही या कुटुंबासाठी निर्णय मोठ्या जहाजातल्या आलिशान विभागाचा झाला. दोन्ही मुलं बारा वर्षांवरची असती, तर लहान जहाजच घ्यायला हवं होतं.

खोल्या, आणि ४,६०० युरोंचा प्रश्न

हिशेबासाठी धरलेले दर असे: स्वीटमधल्या पहिल्या दोन जागांना माणशी ३,४०० युरो, तिसऱ्या-चौथ्या जागेला माणशी १,१०० युरो. इथे बरेच जण फसतात. क्रूझचा दर वयावर कमी आणि पलंगाच्या क्रमांकावर जास्त ठरतो. खोलीतली दुसरी जागा पाच वर्षांच्या मुलाने घेतली, तरी तिचे पैसे सहसा मोठ्या माणसाएवढे लागतात.

तीन मांडण्या समोर होत्या. पहिली, तीन स्वीट: एक आजी-आजोबांचा आणि आतून दाराने जोडलेले दोन. एकूण सहा पूर्ण दर, म्हणजे २०,४०० युरो. दुसरी, नवरा-बायको आणि दोन्ही मुलं एका मोठ्या स्वीटमध्ये, आजी-आजोबा वेगळे: ९,००० आणि ६,८०० मिळून १५,८००. तिसरी, मुलीला आजी-आजोबांच्या खोलीत तिसरं माणूस म्हणून टाकायचं: तीही १५,८००च.

तिसरी मांडणी सोयीची वाटते आणि नेमकी तीच सर्वांत वाईट. आजोबांसाठी व्हीलचेअरची सोय असलेली खोली घ्यायची होती: रुंद दार, न्हाणीघराला उंबरठा नाही, शॉवरमध्ये बसायची घडीची सीट. अशा खोलीत व्हीलचेअर वळवायला मधली जागा मोकळी ठेवलेली असते. रात्री सोफा उघडून पलंग केला की ती जागाच संपते. मध्यरात्री आजोबांना न्हाणीघरात जायचं तर नातीला उठवावं लागणार.

पहिल्या मांडणीत आणखी एक बारीक अडचण आहे. बहुतेक कंपन्या अल्पवयीन मुलांच्या नावावर स्वतंत्र खोली देत नाहीत. प्रत्येक खोलीत एक प्रौढ नोंदवावा लागतो, मग कागदावर आई-मुलगा एकीकडे आणि बाप-मुलगी दुसरीकडे. जहाजावर गेल्यावर लोक किल्ल्यांची अदलाबदल करतात. ते चालतं, पण स्वागतकक्षाला सांगून करायचं. कारण आपत्कालीन जमावाची जागा खोलीवरून ठरते, आणि यादीत एक आणि पलंगावर दुसरा असा घोळ हजेरीच्या वेळी महागात पडतो.

दुसरी मांडणी घेतली. वाचलेल्या ४,६०० युरोंतून कुशादासी आणि नेपल्सला चालकासह खासगी व्हॅन ठरवल्या, उरलेले बाजूला ठेवले. मधल्या दारापेक्षा धक्क्यावर उभी असलेली गाडी या कुटुंबाच्या जास्त कामाची होती.

मात्र चौघांची खोली मिळण्याची खात्री लवकर करावी लागते. खोलीत चार पलंग दिसतात, आणि तरी कंपनी "चौथी जागा उपलब्ध नाही" म्हणते. कारण जीवरक्षक बोटींची आसनसंख्या जहाजाच्या त्या त्या भागाला वाटून दिलेली असते. त्या भागातल्या जागा भरल्या की पलंग रिकामा असूनही माणूस घेता येत नाही. व्हीलचेअरच्या खोल्याही जहाजावर मोजक्याच असतात आणि गरजेचा फॉर्म भरून द्यावा लागतो. म्हणून नोंदणी वर्षभर आधी केली, आणि खोली कंपनीने नंतर ठरवायची असा स्वस्त दर घेतला नाही. खोली क्रमांकासकट पक्की केली. पसंती होती मधला भाग, खालचे डेक. समुद्र खवळला तर तिथे हेलकावे सर्वांत कमी लागतात. आलिशान खोल्या मात्र बहुतेक वर आणि पुढच्या टोकाला असतात, त्यामुळे इथे थोडी तडजोड अटळ असते. स्वीट वरच्या मजल्यावर मिळाले, पण लिफ्टपासून पाच दारं सोडून आणि एकाच डेकवर.

तारीख आणि वारा

ईजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्टेमी वारा वाहतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वांत जास्त, आणि आकाश निरभ्र असतानाही तो सुटतो. त्यामुळे सकाळी बाल्कनीतून स्वच्छ ऊन पाहून खूश झालेला माणूस कप्तानाची "आज मिकोनोसला थांबता येणार नाही" ही घोषणा ऐकून चक्रावतो. मूळ बेत जुलैच्या शेवटच्या आठवड्याचा होता. तो जूनच्या मध्यावर आणला. वारा सौम्य असण्याची शक्यता वाढते आणि उष्णतेतही फरक पडतो. उष्णतेची लाट आली की अथेन्सच्या टेकडीवरचं प्राचीन अक्रोपोलिस दुपारचे काही तास बंद ठेवतात; गेल्या काही उन्हाळ्यांत ते वारंवार झालं आहे.

जूनमुळे एक खर्च मात्र टळत नाही. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर बंदरनिहाय शुल्क लावलं आहे. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात मिकोनोस आणि सँटोरिनीला उतरणाऱ्या प्रवाशामागे २० युरो, इतर ग्रीक बंदरांवर ५ युरो. ते तिकिटात धरलं आहे की नंतर खोलीच्या खात्यावर चढणार, हे आधी विचारून ठेवायचं.

कागदपत्रं

ज्यांच्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा) लागतो, त्यांच्यासाठी या मार्गातली खरी मेख कुशादासी आहे. ग्रीसमध्ये उतरलो की शेंगेनमध्ये पहिला प्रवेश. जहाज तुर्कस्तानला गेलं की शेंगेनच्या बाहेर. सँटोरिनीला आलं की दुसरा प्रवेश. एका प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो मिकोनोसपर्यंतच पुरतो, आणि हे कंपनीला ठाऊक असल्याने ती पिरेयसच्या चेक-इन खिडकीवरच प्रवाशाला थांबवते. पैसे परत मिळत नाहीत. म्हणून अर्जात अनेक प्रवेशांचा व्हिसा मागायचा आणि सोबत जहाजाचं दिवसवार वेळापत्रक जोडायचं. तुर्कस्तानसाठी क्रूझ प्रवाशांना काय नियम लागू आहे, हे आपल्या पासपोर्टचं नाव घेऊन कंपनीकडून लेखी मागवायचं. "सगळे तसेच जातात" या तोंडी उत्तरावर अवलंबून राहायचं नाही.

अर्ज कोणत्या देशाकडे? ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच्याकडे. दोन रात्री अथेन्स, मग पिरेयस, मिकोनोस, सँटोरिनी हे इटलीतल्या दिवसांपेक्षा जास्त, म्हणून ग्रीसकडे. विमानाचं पहिलं पाऊल कुठे पडतं हा प्रश्न मुक्काम समसमान असेल तेव्हाच येतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ च्या आतल्या मुलांना ४५, सहाखाली नाही. इथे १४ वर्षांची मुलगी मोठ्यांत मोजली जाते: पाच जणांचे ४५० युरो, मुलाचं शून्य, आणि अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

युरोपीय संघाची प्रवेश-निर्गमन नोंदणीची नवी संगणकीय पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली आहे. पहिल्या नोंदणीला विमानतळावर वेळ जातो, त्यामुळे उतरल्या दिवशी कुठलंही वेळेचं बुकिंग ठेवलं नाही.

विम्याबाबत: व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. भर समुद्रातून हेलिकॉप्टरने माणूस हलवायची वेळ आली तर ते तोकडं पडू शकतं. मोठ्या रकमेची, स्थलांतराचा खर्च धरणारी आणि चुकलेल्या जहाजाचं कलम असलेली पॉलिसी घेतली. आजींचा मधुमेह आणि आजोबांचा गुडघा अर्जात लिहिला. आधीचा आजार लपवला की दावा नाकारायला कंपनीला दुसरं कारण शोधावं लागत नाही.

चढण्याआधीचे दोन दिवस

जहाज सुटायच्या दिवशीच विमानाने पोचण्याचा बेत कुणी केला तर तो खोडून काढायचा. इथे दोन दिवस आधी अथेन्स गाठलं. अक्रोपोलिसला २०२३ पासून वेळेची तिकिटं आहेत. सकाळी आठची वेळ घेतली. चढण आजोबांना झेपणारी नाही, पण टेकडीच्या उत्तर बाजूला व्हीलचेअरवाल्यांसाठी लिफ्ट आहे. ती वापरायची आधी कळवून ठेवलं.

पिरेयसला जायला मेट्रो आहे, पण स्टेशनपासून क्रूझ टर्मिनल लांब पडतं. ग्रीक टॅक्सीत चारच प्रवासी बसतात, म्हणून सहा जण, आठ बॅगा आणि घडीची व्हीलचेअर यांच्यासाठी व्हॅन ठरवली. मोठ्या बॅगा धक्क्यावर हमालांकडे जातात आणि खोलीत यायला संध्याकाळ होऊ शकते. हातातल्या बॅगेत ठेवायच्या गोष्टी ठरलेल्या: सगळी औषधं, इन्सुलिन, पासपोर्ट, मुलांचे पोहण्याचे कपडे, एक जोडी कपडे. इस्त्री, पाणी गरम करायची किटली, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड तपासणीत काढून घेतात. आगीच्या भीतीने, आणि ते रास्तच आहे.

खोलीतल्या मिनीबारवर इन्सुलिन सोपवायचं नाही. त्याचं तापमान औषधासाठी राखलेलं नसतं. नोंदणीच्या वेळीच औषधांसाठीचा छोटा फ्रिज आणि वापरलेल्या सुया टाकायचा डबा मागितला. खोलीत पाय ठेवल्यावर पहिलं काम म्हणजे दोन्ही आलेत का ते पाहणं.

दुसरं काम आपत्कालीन सराव. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कोंकोर्डिया ही क्रूझ बोट बुडाली, ३२ जण गेले. नुकत्याच चढलेल्या प्रवाशांचा सराव तेव्हा झालेलाच नव्हता. नंतर नियम बदलला: सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटता व्हायलाच हवा. आता बहुतेक जहाजांवर चित्रफीत पाहून जमावाच्या ठिकाणी जाऊन हजेरी लावायची असते, आणि लोक ती पाच मिनिटांत उरकतात. या कुटुंबाने तिथे तीन प्रश्न विचारले. दोन खोल्यांचं जमावाचं ठिकाण एकच आहे का? मुलाच्या मापाचं जीवरक्षक जाकीट खोलीत आहे का? लिफ्ट बंद असताना आजोबांना जिन्यावरून कोण नेणार? तिसऱ्याचं उत्तर असं की, मदत लागणाऱ्यांची यादी असते आणि त्यांच्यासाठी कर्मचारी नेमलेले असतात, पण आपलं नाव त्या यादीत आहे याची खात्री आपणच करायची. मुलगा क्लबमध्ये असताना भोंगा वाजला तर त्याला आणायला वर धावायचं नाही. क्लबमधले लोक त्याला मनगटपट्टीवरच्या खुणेप्रमाणे जमावाच्या ठिकाणी आणतात.

फोनचंही याच वेळी उरकायचं. किनारा सुटला की फोन जहाजाच्या उपग्रह-मोबाइल जाळ्याला आपोआप चिकटतो आणि त्याचा रोमिंग दर साध्या पॅकमध्ये नसतो. फ्लाइट मोड लावून फक्त वायफाय, हा नियम सगळ्या फोनांना.

बंदरं

मिकोनोसला वाऱ्याने दगा दिला. जूनमध्येही असं होतं, फक्त कमी वेळा. अशा वेळी कंपनी सहसा त्या बंदराचे कर परत करते आणि जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे खात्यावर जमा होतात. बाहेरून घेतलेल्या बुकिंगचं काय, ते त्या त्या अटीवर. इथे किनाऱ्यावरच्या चार आरामखुर्च्या आगाऊ पैसे भरून राखल्या होत्या, ते गेले. वाऱ्याच्या बंदरावर परत न मिळणारं काहीही राखायचं नाही, एवढा हिशेब पुढच्या वेळेला.

कुशादासीला जहाज थेट धक्क्याला लागतं, गाव समोरच. एफेसस सुमारे २० किलोमीटर. प्राचीन नगर वरच्या दाराने शिरून खालच्या दाराने बाहेर पडायचं असतं, म्हणजे उतार मिळतो. पण पायाखाली शतकांनी गुळगुळीत झालेला संगमरवर, खाचखळगे, आणि सावली जवळजवळ नाही. व्हीलचेअर ढकलणाऱ्याचीही दमछाक होते. इथे कुटुंब दोन भागांत फुटलं आणि ते आधीच ठरलेलं होतं. आई-बाबा आणि मुलगी पहिल्या व्हॅनने साडेसातला निघून आठच्या सुमारास दारात, साडेदहापर्यंत सेल्ससच्या ग्रंथालयापाशी आणि तिथून खाली. आजी-आजोबा नातवाला घेऊन दुसऱ्या गाडीने उशिरा सेल्चुकच्या एफेसस संग्रहालयात, जिथे सावली आहे आणि बसायला जागा आहे. सगळ्यांनी सगळं पाहायचं हा हट्ट सोडला की तीन पिढ्यांची सहल पुष्कळ हलकी होते.

सँटोरिनी हे या मार्गातलं सर्वांत देखणं आणि सर्वांत त्रासाचं बंदर. जहाज ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखात उभं राहतं आणि स्थानिक नाविकांच्या मोटारबोटी प्रवाशांना फिरा नावाच्या मुख्य गावाखाली जुन्या बंदरावर सोडतात. तिथून वर गाव २०० मीटरहून उंच. वर जायला तीन वाटा: केबलकार, ५८८ पायऱ्या, किंवा गाढवं-खेचरं. पायऱ्या आणि जनावरांची वाट एकच, त्यामुळे दगड घसरडे आणि वास ठसठशीत. उतरायला सोपी समजून ती वाट धरणारे अर्ध्यात पस्तावतात. जनावरावर बसणं तर टाळावंच.

केबलकारचा हिशेब करून बघा. एका खेपेला सहा-सहा जणांचे सहा डबे, म्हणजे ३६ माणसं. एकाच बोटीतून शंभर-दीडशे जण उतरतात. बेटावर दिवसाला क्रूझचे ८,००० प्रवासी अशी मर्यादा २०२५ पासून घातली आहे, आणि तेवढे सगळे परतीला दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान याच एका तारेवर येतात. रांग तासभर, कधी दोन तास. वर जाताना म्हणूनच जहाजाची सहल घेतली. तिच्या बोटी जुन्या बंदराऐवजी अथिनिओसला लागतात, तिथून बस सरळ वर ओइया गावाला जाते. येताना फिराहून केबलकार. शेवटच्या बोटीच्या दोन तास आधी रांगेत लागायचं ठरवलं, आणि पाऊण तास शिल्लक राहिला. सहल जहाजाची असेल तर उशीर झाला तरी जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत सोय करतं. स्वतः गेलेल्यांसाठी थांबत नाही.

आजोबा उतरलेच नाहीत. बोट आणि फलाट यांच्यामध्ये फटीएवढं पाणी असतं, आणि दोन्ही वेगवेगळ्या तालात वर-खाली होतात. खलाशी दोन्ही दंड धरतात, बोट वर येताच "आता" म्हणतात, आणि त्या क्षणी पाऊल माणसाला स्वतःच टाकावं लागतं. व्हीलचेअर उचलून देतात, माणूस उचलत नाहीत. पाय अडखळणाऱ्याला अधिकारी नकारही देऊ शकतो आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तसंही कड्यावरची पांढरी गावं समोरून पाहायची तर जहाजाच्या बाल्कनीसारखी जागा नाही. आजी त्यांच्यासोबत राहिल्या, आणि रिकाम्या जहाजावर दोघांना हवं ते टेबल मिळालं.

पाचव्या दिवशी ग्रीसकडून इटलीकडे जाताना घड्याळ एक तास मागे जातं. फोन कधी बदलतो, कधी नाही. परतीच्या वेळा जहाजाच्या घड्याळावर चालतात, म्हणून त्या दिवसापासून प्रत्येक मोठ्या माणसाने मनगटी घड्याळ लावलं.

मेसिना बहुतेकांना ताओर्मिनाला जायचं दार वाटतं. ताओर्मिना सुंदर आहे, पण ५० किलोमीटर दूर आणि चढावर. या कुटुंबाने ते सोडलं. धक्क्यापासून चालत दहा मिनिटांवर कॅथेड्रल आहे, सपाट रस्ता, आणि त्याच्या मनोऱ्यावर १९३३ सालचं यांत्रिक घड्याळ. बरोबर बाराला सोनेरी सिंह शेपटी हलवून डरकाळी फोडतो, मग कोंबडा आरवतो, मग एकेक आकृती फिरत जाते. खेळ दहा-बारा मिनिटं चालतो. सव्वाअकराला चौकात सावलीतल्या खुर्च्या पकडल्या. सहाही जण एकत्र असलेलं सबंध सफरीतलं हे एकच बंदर, आणि त्याला प्रवेशशुल्कही नाही.

नेपल्सला पाँपेई, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं प्राचीन नगर. तिथे दिवसाला २०,००० प्रेक्षकांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे धक्क्यावर कुणी "रांगेशिवाय तिकीट" विकत असेल तर नाव कुणाचं हे आधी विचारावं. व्हीलचेअरसाठी आखलेला सुमारे साडेतीन किलोमीटरचा मार्ग ॲम्फिथिएटरच्या प्रवेशद्वारापासून सुरू होतो. चालकाला मुख्य दाराऐवजी त्या दाराशीच गाडी न्यायला सांगितलं. ते सांगितलं नाही तर तो सवयीने दुसरीकडे सोडतो आणि दगडी फरशीवर पहिल्या शंभर मीटरमध्येच सगळे थकतात. उष्णता फार असेल तर पर्याय म्हणून शहरातलं पुरातत्त्व संग्रहालय राखून ठेवलं होतं. ते मंगळवारी बंद असतं, एवढं तपासून.

मुलगा आजारी पडतो तेव्हा

समुद्रातल्या त्या दिवशी दुपारी मुलाला दोन उलट्या झाल्या. बोट लागली असेल, असं म्हणून गप्प बसायचा मोह होतो, कारण खरं सांगितलं तर खोलीत कोंडतील ही भीती. तरी आईने वैद्यकीय कक्षाला फोन केला. डॉक्टरांनी जुलाब आहेत का, ताप आहे का, घरात आणखी कुणाला काही झालंय का, हे विचारलं. समुद्र हलका हलत होता आणि बाकी लक्षणं नव्हती. तरीही लक्षणं थांबल्यापासून २४ तास मुलगा क्लबमध्ये आणि तलावात नाही, जेवण खोलीत, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसिनाला उतरण्यापूर्वी पुन्हा तपासून परवानगी दिली.

नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबांचा संसर्गजन्य विषाणू, असता तर खोलीतला मुक्काम लांबला असता, कारण तो पृष्ठभागांवरून पसरतो. दारोदारी ठेवलेलं अल्कोहोलचं जेल त्याच्यावर फारसं चालत नाही. साबणाने वाहत्या पाण्यात हात धुणं चालतं. बुफेच्या चमच्यांना हात लावला की जेवायला बसण्याआधी धुवायचे. आलिशान विभागातल्या रेस्टॉरंटमध्ये ताट टेबलावर येतं, हा त्याचा एक न जाहिरातलेला फायदा. डॉक्टरांची भेट फुकट नसते. बिल खोलीच्या खात्यावर येतं आणि विमा कंपनीकडून नंतर परत मागायचं असतं, म्हणून निदान लिहिलेला कागद त्याच दिवशी मागून घेतला.

उतरण्याची सकाळ

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा रंगीत चिठ्ठी लावून दहा-अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात. पायजमा, सकाळचे कपडे, बूट, औषधं आणि फ्रिजमधलं इन्सुलिन हातातल्या बॅगेत. बूट बाहेर गेलेले आणि सकाळी सपातांवर इटलीत उतरलेले प्रवासी दर सफरीत निघतातच. खात्याचं बिल रात्रीच पाहायचं, कारण सकाळी स्वागतकक्षावर सगळ्या जहाजाची रांग लागते. डेबिट कार्डवर अडवून ठेवलेली रक्कम मोकळी व्हायला काही दिवस लागतात. क्रेडिट कार्ड दिलेलं बरं.

चिविताव्हेक्किया हे रोमचं बंदर म्हणून विकलं जातं, पण रोम तिथून सुमारे ७० ते ८० किलोमीटर आहे आणि फ्युमिचिनो विमानतळ साधारण तासाभराच्या रस्त्यावर. सकाळचं विमान घेऊ नये. दुपारी एकनंतरचं घ्यावं, आणि व्हीलचेअरची मदत मागितली असेल तर दोननंतरचं. इथे व्हॅन साडेआठला टर्मिनलच्या दारात बोलावली होती. ती खिडकीतून दिसेपर्यंत आजोबांना आत खुर्चीतच बसू दिलं, कारण बाहेर धक्क्यावर ना बाक आहे ना सावली.